भाच्याने लिनक्स बसवलं आणि लॅपटॉपचा आवाज गेला

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी बार्शीची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. संध्याकाळी गल्लीतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना घरीच शिकवते. त्यांना गोष्टी आणि बडबडगीतं ऐकवायला २०१४ साली घेतलेला लॅपटॉप वापरायचे. आय-थ्री, चौथ्या पिढीचा, चार जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि लॅपटॉपही फार रेंगाळायला लागला होता, म्हणून दिवाळीला आलेल्या भाच्याने त्यावर डेबियन हे लिनक्स टाकून दिलं. ‘मावशी, जुन्या मशीनला जड काही नको’ म्हणत मोठा डेस्कटॉप न घेता नुसतं आइसडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम) घेतलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला, पण आवाज मात्र गेला. व्हीएलसीत नाही, फायरफॉक्समध्ये नाही. विंडोजवर शेवटच्या दिवसापर्यंत सगळं नीट वाजत होतं. भाच्याने दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलं, नेटवरून रिअलटेकचा ड्रायव्हर उतरवून बघितला, कुठल्याशा फाइलमध्ये ‘मॉडेल’ अशी एक ओळ घातली. अल्सामिक्सर हा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम उघडला तर आवाजाची पट्टीच नाही, नुसती ‘एस/पीडीआयएफ’ नावाची तीन खोकी दिसतात. आता तो पुण्याला परत गेला. फोनवर म्हणतो, लिनक्सकडे या साउंडकार्डाचा ड्रायव्हरच नसेल. इथला दुकानदार म्हणतो, स्पीकर गेले, बदलावे लागतील. मुलांसाठी ब्लूटूथ स्पीकर घेतला तर भागेल का? की पुन्हा विंडोजच टाकून घेऊ?

उत्तर

ताई, स्पीकर बदलू नका आणि विंडोजही टाकू नका. तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. अल्सामिक्सरमध्ये ‘एस/पीडीआयएफ’ची तीन खोकी दिसतात, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसतं ‘आवाज येत नाही’ एवढंच असतं तर मला दहा प्रश्न उलट विचारावे लागले असते.

ती तीन खोकी स्पीकरची नाहीत, एचडीएमआयची आहेत. टीव्हीला जोडायची केबल जिथे खोचतात, त्या जागेची. एचडीएमआयमधून आवाज आकड्यांच्या रूपात जसाच्या तसा टीव्हीकडे जातो आणि लहान-मोठा करायचं काम टीव्ही करतो. म्हणून तिथे वर-खाली सरकणारी पट्टी नसते, नुसतं चालू-बंद असतं. अल्सामिक्सर एका वेळी एकाच कार्डाच्या पट्ट्या दाखवतं. भाच्याने ते उघडलं तेव्हा त्याने टीव्हीकडे जाणारं कार्ड दाखवलं, आणि तुमचे स्पीकर ज्या कार्डावर आहेत ते मागे राहिलं.

म्हणजे तुमच्या लॅपटॉपला दोन साउंडकार्डं आहेत. बाहेरून एकच वाटतं, पण इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांपासून, म्हणजे २०१३ पासून, एचडीएमआयचा आवाज सांभाळणारा भाग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या शेजारी गेला आणि स्पीकर-हेडफोनचा भाग मदरबोर्डावरच्या चिपमध्येच राहिला. पाचव्या पिढीतही हीच रचना होती. सहाव्या पिढीपासून दोन्ही भाग पुन्हा एकाच ठिकाणी आले. मधल्या या दोन पिढ्यांच्या लॅपटॉपमध्ये मशीन सुरू होताना एचडीएमआयचा भाग आधी सापडतो, म्हणून लिनक्स त्याला ० क्रमांक देतं आणि स्पीकरच्या कार्डाला १. कुणी वेगळं काही सांगितलं नसेल तर प्रोग्राम आवाज ० क्रमांकाच्या कार्डाकडे पाठवतात. तुमच्या घरी त्या कार्डाला टीव्ही जोडलेला नाही, त्यामुळे बडबडगीत कुठेच पोहोचत नाही.

आता भाच्याचा प्रश्न असा असेल की मग उबंटू किंवा मिंट टाकलेल्या मित्रांना हा त्रास का होत नाही? त्या मोठ्या डेस्कटॉपांवर अल्साच्या वर आणखी एक थर असतो. अल्सा हा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आवाजाचा पाया. यारोस्लाव किसेला यांनी त्याचं काम १९९८ मध्ये सुरू केलं आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून तो लिनक्सचाच भाग झाला. त्याच्यावर आधी पल्सऑडिओ असायचं, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतं. हे वरचे थर बघतात की टीव्हीची केबल लावलेली आहे का, हेडफोन खोचलाय का, आणि त्याप्रमाणे कार्ड निवडतात. वापरणाऱ्याला काही कळतही नाही. भाच्याने ‘जड काही नको’ म्हणून जे गाळलं त्यात निवड करणारा हा थरही गाळला गेला. मोजक्या पॅकेजांतून उभ्या केलेल्या डेबियनमध्ये तो आपोआप येत नाही. भाच्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चार जीबी रॅमच्या मशीनवर त्याने योग्य तेच केलं. फक्त कार्ड निवडायचं काम आता एकदा आपल्याला हाताने करायचं आहे.

पुन्हा इन्स्टॉल करून काही फरक का पडला नाही, हेही यातून कळेल. प्रत्येक वेळी तेच कर्नल आलं, त्याने तीच दोन कार्डं त्याच क्रमाने मोजली, आणि आवाज पुन्हा त्याच बंद दिशेला गेला. लिनक्सवर आवाज गेला की लोक सगळ्यात आधी पुन्हा इन्स्टॉल करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात अख्खा दिवस जातो आणि शेवटी ‘लिनक्स आपल्यासाठी नाही’ अशी समजूत पक्की होते.

ड्रायव्हर नसण्याची भीतीही सोडून द्या. एचडीएमआयची खोकी दिसतात याचाच अर्थ इंटेलच्या एचडी ऑडिओचा ड्रायव्हर चढलेला आहे, आणि तुमच्या मशीनवर दोन्ही कार्डं तोच ड्रायव्हर चालवतो. रिअलटेक, कोनेक्सँट, आयडीटी या कंपन्यांच्या चिपांना लागणारा भाग कर्नलबरोबरच येतो. कंपनीच्या साइटवरून काही उतरवण्याची गरज नसते. तिथे मिळणारं पॅकेज जुन्या कर्नलांसाठी केलेलं आहे, आजच्या कर्नलवर ते सहसा बांधलंच जात नाही.

आता कामाला लागू. तुम्ही कीबोर्डवर बसा आणि भाच्याला फोनवर घ्या. मी आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, आकडेही इंग्रजी. जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगेन. टर्मिनल उघडता येत असेल तर यात अवघड असं काही नाही, आणि तुम्ही इतकी वर्षं मुलांना अक्षरं गिरवायला लावलीत, तेव्हा स्पेलिंगकडे तुमचंच लक्ष भाच्यापेक्षा जास्त राहील.

सगळ्यात आधी जे जादा घातलंय ते काढा. भाच्याने ‘मॉडेल’ची ओळ बहुतेक ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरात एखाद्या फाइलीत घातली असेल. ती ओळ ड्रायव्हरला सांगते की हा लॅपटॉप अमुक मॉडेलचा आहे असं समज. ती वेगळ्याच मॉडेलसाठी असेल तर चांगले चालणारे स्पीकरही त्या एका ओळीने बंद पडू शकतात. ती काढा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पुढच्या पायरीवर जे दिसेल त्याचं कारण कळणार नाही.

मग कार्डं मोजा. ‘एप्ले’ लिहा, जागा सोडा, उणे चिन्ह आणि लगेच ‘एल’. एंटर केलंत की यादी येईल. माझ्या अंदाजाने तिच्यात कार्ड ० म्हणून ‘एचडीएमआय’ असेल, त्याच्याखाली ३, ७, ८ अशा क्रमांकांची डिव्हाइसं. आणि कार्ड १ म्हणून ‘पीसीएच’ असेल, त्याच्यापुढे चिपचं नाव आणि ‘ॲनालॉग’ हा शब्द. हे ‘पीसीएच’ म्हणजे तुमचे स्पीकर. एचडीएमआयच्या खाली ० क्रमांकाचं डिव्हाइस नाही, हे भाच्याला दाखवा. नेहमीचे प्रोग्राम डिव्हाइस ० शोधतात, ते तिथे सापडत नाही, म्हणून काही वेळा ‘अनेबल टू ओपन स्लेव्ह’ असा लांबलचक इंग्रजी तक्रारपाढाही येतो. तो पाहून घाबरायचं नाही.

यादीत ‘पीसीएच’ दिसलं की निम्मं काम झालं. दिसलंच नाही तर पुढचं थांबवा आणि मशीन सुरू करताना बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘ऑडिओ’ची सोय बंद तर केलेली नाही ना, एवढं बघा.

आता ‘अल्सामिक्सर’ लिहून एंटर करा. तीच खोकी येतील. तिथे एफ-६ हे बटण दाबा. काही लॅपटॉपांवर त्यासाठी एफएन बटण धरून ठेवावं लागतं. कार्डांची यादी येईल, त्यातलं ‘एचडीए इंटेल पीसीएच’ बाणाने निवडून एंटर करा. लगेच स्क्रीन बदलेल आणि आवाजाच्या पट्ट्या येतील: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम आणि आणखी काही. याच पट्ट्या भाचा इतके दिवस शोधत होता.

बहुतेक पट्ट्यांच्या तळाशी दोन अक्षरं असतात. दोन इंग्रजी ‘एम’ दिसले तर ती पट्टी मुकी केलेली आहे. दोन शून्यांसारखी अक्षरं असतील तर चालू आहे. डाव्या-उजव्या बाणाने पट्टीवर जायचं, ‘एम’ दाबून मुकेपण काढायचं, वरच्या बाणाने पट्टी चढवायची. मास्टर, स्पीकर आणि पीसीएम या तिन्ही चालू हव्यात. मास्टर चालू आणि स्पीकर मुका, ही जोडी मी फार पाहिली आहे, आणि लोक मास्टरच्या पट्टीकडे बघून ‘सगळं तर फुल आहे’ म्हणतात. नव्या इन्स्टॉलवर काही पट्ट्या शून्यावर असू शकतात, तेही बघा. आत्ता पट्ट्या साठ-सत्तरच्या वर नेऊ नका, कारण पुढच्या तपासणीत आवाज एकदम येईल आणि छोटे स्पीकर तडतडतील.

याच स्क्रीनवर उजवीकडे टोकाला ‘ऑटो-म्यूट मोड’ असं एक खोकं असेल. हेडफोन खोचला की स्पीकर आपोआप बंद करण्यासाठी ते असतं. जुन्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात धूळ साचली किंवा आतली पत्ती वाकली की मशीनला कायमच हेडफोन लावल्यासारखं वाटतं आणि स्पीकर गप्प राहतात. तुमच्याकडे लहान मुलं येतात, त्या भोकात काय काय गेलं असेल सांगता येत नाही. हेडफोन दोन-चार वेळा हलक्या हाताने आत-बाहेर करून बघा. तरीही स्पीकर गप्पच असले, तर त्या खोक्यावर जाऊन खालचा बाण दाबा आणि ‘डिसेबल्ड’ करून ठेवा.

एस्केप दाबून बाहेर या. आता तपासणी. लिहा: ‘स्पीकर-टेस्ट’, जागा, ‘-डी’, जागा, ‘प्लगएचडब्ल्यू:१,०’, जागा, ‘-सी’, जागा, ‘२’, जागा, ‘-टी’, जागा, ‘वेव्ह’. यातला ‘डी’ तेवढा मोठा, बाकी सगळं लहान. ‘वेव्ह’चं स्पेलिंग डब्ल्यू-ए-व्ही असं तीनच अक्षरांचं आहे. या आज्ञेचा अर्थ: आवाज १ क्रमांकाच्या कार्डाच्या ० डिव्हाइसकडे पाठव. एका बाईंचा आवाज डाव्या स्पीकरमधून ‘फ्रंट लेफ्ट’ आणि उजव्यातून ‘फ्रंट राइट’ असं म्हणेल, आणि तुम्ही कंट्रोल-सी दाबेपर्यंत म्हणत राहील. तो आवाज ऐकू आला की दुकानदाराला नम्रपणे सांगा, स्पीकर शाबूत आहेत.

आता ही निवड कायमची करायची. ‘सुडो नॅनो’ (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, नॅनो म्हणजे फाइलीत लिहायचा साधा प्रोग्राम) लिहून पुढे फाइलीचा पत्ता द्यायचा: तिरकी रेघ, ‘ईटीसी’, तिरकी रेघ, ‘एसाउंड.कॉन्फ’. यातलं पहिलं नाव ई-टी-सी, दुसरं ए-एस-ओ-यू-एन-डी, मग टिंब, मग सी-ओ-एन-एफ. रिकामी फाइल उघडेल, कारण ती अजून नाहीच. तिच्यात या दोनच ओळी:

डिफॉल्ट्स.पीसीएम.कार्ड १
डिफॉल्ट्स.सीटीएल.कार्ड १

दोन्ही ओळींत ‘कार्ड’नंतर एक जागा आणि मग आकडा. पहिली ओळ आवाज कुठे वाजवायचा ते सांगते, दुसरी अल्सामिक्सरने कुठल्या कार्डाच्या पट्ट्या दाखवायच्या ते. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. झालं. मशीन पुन्हा सुरू करायचीही गरज नाही. व्हीएलसी आणि फायरफॉक्स बंद करून परत उघडा आणि मुलांचं एखादं गाणं लावा.

‘सुडो’ चालत नाही असं मशीन म्हणालं तर त्यात नवल नाही. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, वेगळा पासवर्ड दिला असेल तर नेहमीच्या वापरणाऱ्याला सुडो मिळत नाही. मग आधी ‘सु’, जागा, उणे चिन्ह लिहून तो रूटचा पासवर्ड द्या, आणि पुढची आज्ञा ‘सुडो’ शब्द गाळून लिहा. आणखी एक शक्यता: भाच्याने याआधी कधी तुमच्या होम फोल्डरात टिंबाने सुरू होणारी ‘.एसाउंडआरसी’ फाइल केली असेल तर ती आपल्या या नव्या फाइलीच्या वरचढ ठरते. तिच्यात काय आहे ते बघून ती बाजूला करा.

शेवटी पट्ट्यांच्या जागा जपून ठेवा: ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’. मधला शब्द ए-एल-एस-ए-सी-टी-एल. एरवी डेबियन बंद होताना हे आपणच करतं, पण बार्शीत वीज गेली आणि जुन्या बॅटरीने साथ सोडली तर मशीन नीट बंद होत नाही, म्हणून एकदा हाताने केलेलं बरं.

कीबोर्डावरची आवाज वाढवायची बटणं चालली नाहीत तर तो वेगळा बिघाड समजू नका. मोठ्या डेस्कटॉपवर ती बटणं ऐकणारा प्रोग्राम असतो, इथे तो नसेल. आइसडब्ल्यूएमच्या ‘कीज’ या फाइलीत आवाज वाढवण्याच्या बटणाला ‘एमिक्सर सेट मास्टर ५%+’ आणि कमी करण्याच्या बटणाला ‘५%-’ अशी आज्ञा जोडता येते. आज्ञेत ‘मास्टर’चा एम मोठा. ते भाचा पुढच्या खेपेला करून देईल. तोवर अल्सामिक्सर आहेच.

आता ब्लूटूथ स्पीकर. माझं मत विचाराल तर घेऊ नका, निदान या लॅपटॉपसाठी. तुमच्या सध्याच्या रचनेत ब्लूटूथवर आवाज नेणारं कुणी नाही. त्यासाठी वरचा थर, म्हणजे पाइपवायर, बसवावा लागेल. शिवाय पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट सांगताना स्पीकर जोडला गेला की नाही, त्याचं चार्जिंग संपलं का, यात तुमचा वेळ जाईल. हेडफोनच्या भोकात वायर खोचायचे साधे स्पीकर आणा. ते आपण आत्ता निवडलेल्या त्याच कार्डावर वाजतील, नवं काही शिकावं लागणार नाही, आणि आठ-दहा मुलांच्या खोलीला त्यांचा आवाज पुरतो.

तरी पुढे कधी ब्लूटूथ हवंच झालं, किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडून मधेच आवाज इकडून तिकडे न्यावा असं वाटलं, तर ‘पाइपवायर-ऑडिओ’ हे एक पॅकेज बसवायला भाच्याला सांगा. बारा क्रमांकाच्या डेबियनपासून ते आहे आणि ब्लूटूथसाठी लागणारा भागही त्याच्याबरोबरच येतो. सोबत ‘पाव्हूकंट्रोल’ घ्या, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठल्या स्पीकरवर वाजतोय ते माऊसने निवडता येईल. पाइपवायर बसवल्यावर कार्डाची निवड तिथून होते, आपल्या दोन ओळींवरून नाही, एवढं लक्षात असू द्या. चार जीबीच्या मशीनला ते झेपतं. पण आज गरज नाही, म्हणून आज बसवू नका.

एक अपवाद आहे. व्हीएलसीत आवाज आला आणि फायरफॉक्समध्ये नाही आला, तर पाइपवायर लगेच बसवा. मोझिलाने मार्च २०१७ मध्ये आलेल्या ५२ व्या आवृत्तीपासून आपल्या अधिकृत फायरफॉक्समधून थेट अल्साशी बोलण्याची सोय काढली. भाच्याने फायरफॉक्स मोझिलाच्या साइटवरून उतरवलेलं असेल तर त्याला पल्सऑडिओ किंवा पाइपवायर लागणारच. हलक्या लिनक्सवर ‘सिनेमा वाजतो, पण यूट्यूब मुकं’ अशी तक्रार येते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. स्पीकर, ड्रायव्हर, पट्ट्या तपासत बसण्यात मग काही अर्थ नसतो.

हे उत्तर वाचणाऱ्या आणखी काहींच्या घरीही मुका लॅपटॉप असेल, पण त्याचं कारण वेगळं असेल. त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो, कारण तुमचा उपाय त्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

पाव्हूकंट्रोलमध्ये कार्डाच्या जागी ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर वरच्या थराला एकही कार्ड सापडलेलं नाही. आधी ‘एप्ले -एल’ने खाली कर्नलला कार्ड दिसतंय का ते बघायचं. खाली दिसत असेल तर दोष वरच्या थरात आहे, आणि पाइपवायर व वायरप्लंबर या सेवा पुन्हा सुरू केल्या की बहुधा काम होतं. खालीच दिसत नसेल आणि लॅपटॉप गेल्या पाच-सहा वर्षांतला असेल, तर त्याला साउंड ओपन फर्मवेअर (आवाजाच्या चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) लागत असण्याची शक्यता मोठी. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ या नावाने मिळतं. ‘सुडो’ लावून एप्ले केलं की कार्ड दिसतं आणि न लावता दिसत नाही, असं असेल तर तुमचा वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात नाही. अँटीएक्ससारख्या सिस्टमडी (मशीन सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्राम) नसलेल्या हलक्या लिनक्सांवर हे आधी तपासावं. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत आत यायला विसरू नका. २०१५-१६ च्या आसपास दहा हजारांच्या घरात मिळालेले ॲटम प्रोसेसरचे छोटे लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत, त्यांची आवाजाची रचना मुळातच वेगळी आहे. तिथे एचडी ऑडिओचा वरचा कुठलाही उपाय चालत नाही. ‘अल्सा-यूसीएम-कॉन्फ’ हे पॅकेज आणि नवं कर्नल, यावरच सगळी भिस्त. तेवढ्याने जमलं नाही तर काहीशे रुपयांत यूएसबीला खोचायचं साउंडकार्ड मिळतं, ते बहुतेक वेळा कुठल्याही ड्रायव्हरशिवाय लगेच चालतं. जुन्या लॅपटॉपचे स्पीकर खरोखर गेले असतील तेव्हाही दुरुस्तीआधी मी हेच सुचवेन, कारण वायरचे स्पीकर त्यालाच जोडता येतात.

आणि ज्यांनी विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवलंय, त्यांनी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि आवाजाची चिप कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते.

भाच्याला एक निरोप द्या. नेटवर लिनक्सच्या आवाजाबद्दल ढीगभर उपाय सापडतात, त्यांची तारीख आधी बघायची. २००८-१० च्या सुमाराचे उपाय ‘पल्सऑडिओ उडवा’ असं सांगतात. तेव्हा ते नवं होतं आणि खरंच त्रास द्यायचं. आज तसं करून बघितलं तर आवाजाबरोबर डेस्कटॉपचे निम्मे भागही उडू शकतात. एका वेळी एकच बदल करायचा, ऐकून बघायचं, उपयोग झाला नाही तर तो मागे घ्यायचा आणि मगच दुसरा. त्याने तुमच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतले दिवस खर्च केले, दोनदा अख्खं मशीन पुन्हा उभं केलं. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. तिला फक्त हा क्रम जोडायचा आहे.

एवढं करूनही आवाज आला नाही तर मला पुन्हा लिहा. पत्रात तीन गोष्टी द्या: ‘एप्ले -एल’ची पूर्ण यादी, एफ-६ने पीसीएच निवडल्यानंतरच्या अल्सामिक्सरचा मोबाइलने काढलेला फोटो, आणि हेडफोन लावल्यावर हेडफोनमधून तरी आवाज येतो का याचं उत्तर. हेडफोनमधून येतो आणि स्पीकरमधून येत नाही असं निघालं, तर ‘ऑटो-म्यूट’ बंद केल्यानंतर काय झालं तेही लिहा. आणि तोवर दुकानदाराला लॅपटॉप उघडू देऊ नका.